सगळे खांदे डोंगरावर

माझे गुडघे कामातून गेले त्याला चार वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय गुडघे परत येणार आहेत? उलट जंगलाच्या फाटकावर पाळ्यांची जी यादी लागते तिच्यातून नाव कमी होईल, आणि मंडळी म्हणतील, म्झे, बसा आता घरी, बटाटे सोला. म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडे म्झे म्हणतात. मी चोपन्न वर्षांचा आहे, मला म्झे म्हणवून घ्यायची घाई नाही.

काम काय, तर ओझी वाहायची. सोळा वर्षं तेच चाललंय. लांबलांबच्या देशांतून माणसं गोरिला बघायला येतात. त्यांच्या पिशव्या मी पाठीवर घेतो, चिखलात हात धरतो, घसरायला लागले की मागून रेटतो. ज्यांना चालवतच नाही त्यांना आम्ही आठ जण मिळून डोलीतून नेतो. फाटकावरचे लोक त्या डोलीला हेलिकॉप्टर म्हणतात. असेल बाबा. पंखे म्हणजे आम्ही.

पण डोली मुळात पाहुण्यांची नव्हेच. आमच्या डोंगरधारांवर गाडी येत नाही, कधी आलीही नाही. माणूस आजारी पडला की वेलींनी विणलेल्या त्या लांबट टोपलीत, आमच्या एंगोझीत, त्याला निजवायचं, दांड्यांना खांदे द्यायचे आणि दोन धारा ओलांडून खाली दवाखान्यात न्यायचं. मेला तरी डोली तीच, फक्त वाट वेगळी. प्रत्येक धारेचं आपलं डोलीमंडळ असतं. शिंग वाजलं की हातातली कुदळ टाकून पुरुषांनी धावायचं. तीनदा आला नाहीस तर नाव खोडलं, आणि नाव खोडलेल्याच्या घरचं माणूस कुणी उचलत नाही. बांधावरून भांडण असो, बायकोच्या माहेरचं वैर असो, डोलीला आलास तर तू आमचा. "चर्चला आला नाहीत तर देव बघून घेईल, डोलीला आला नाहीत तर मी बघून घेईन," असं म्झे रुकुंदो म्हणतो. तो मंडळाचा म्होरक्या. सत्तरी उलटून गेली, त्याला आता उचलवत नाही, शिंग तेवढं वाजवतो आणि नावांची वही सांभाळतो.

माझे दोन खाडे झाले होते. दोन्ही वेळा मी डोंगरावर कुणातरी पाहुण्याच्या खाली होतो.

त्या आठवड्यात माझी आई आजारी पडली. तीन दिवस ताप, मग खोकला, मग खोकायचंही त्राण उरलं नाही. चुलीपाशी ऊब असते म्हणून तिला तिथं निजवलं होतं. सकाळी निघताना वाकून बघितलं तर जागी होती.

"शेळ्या सोडल्या का रे?" तिनं विचारलं.

"सोडल्या," मी म्हटलं. सोडल्या नव्हत्या.

दारात केबिरुंगी उभी. माझी बायको. कमरेला हात लावून उभी राहिली की दार अर्धं बंद होतं.

"आज जाऊ नका."

"का?"

"का म्हणून काय विचारता? कान आहेत ना? छाती कशी वाजतेय ऐका. आज दुपारच्या आत खाली न्यावं लागणार त्यांना."

"मग रुकुंदोला सांग शिंग वाजवायला. गावातली माणसं काय मेलीत? बारिग्ये आहे, तुझा भाऊ आहे, कामारा आहे. आठच तर लागतात."

"आणि पोटचा पोरगा नाही लागत."

"माझी पाळी आहे आज. पाळी सोडली की पुढची दीड महिन्यानं. मग मीठ नाही, साबण नाही, ही कुरकुर कोण ऐकणार?"

"मी मीठ मागितलं आज? बोला, मागितलं?"

मागितलं नव्हतं. या बाईशी वादात मी लग्नापासून एकदाही जिंकलो नाही, म्हणून वाद अर्ध्यात आला की मी निघून जातो. तसाच तिच्या बगलेतून निघालो.

खरं सांगू? मला घरी बसावंसं वाटत होतं. गुडघे तर हात जोडून सांगत होते, बस. पण घरी बसलो असतो तर तो छातीचा आवाज ऐकत बसावं लागलं असतं, आणि तो मला ऐकवत नव्हता. ओझं खांद्यावर आलं की डोकं बंद होतं. ओझ्याचा हा एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही.

फाटकापाशी पोचलो तर समोर बारिग्ये. दगडावर बसून उकडलेलं रताळं खात होता.

"तू इथं कसा?" तो म्हणाला. "मला वाटलं म्हातारी आजारी आहे, तू घरी असशील."

"मला वाटलं तू गावात आहेस."

"मी कशाला? कामारा आहे की गावात."

कामारा त्याच्या मागेच बुटाची नाडी बांधत होता. "मी? मी तर म्हटलं हे दोघं आहेत." तेवढ्यात माझा मेहुणा आला. आम्हाला बघून तो जागीच थांबला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

एकेक मोजत गेलो. जुलै महिना, कोरडे दिवस, पाहुण्यांची झुंबड. त्या दिवशी दोन डोल्या जायच्या होत्या, शिवाय पिशव्यांना माणसं. आमच्या धारेवर दांडा उचलू शकतील असे पुरुष अकरा. अकराच्या अकरा फाटकावर. प्रत्येक जण घरी सांगून आला होता, मी जातो, बाकीचे आहेत.

आम्ही हसलो. लाज वाटते सांगायला, पण हसलो. बारिग्ये म्हणाला, "आज गावात आग लागली तर आपले बोकडच विझवतील," आणि आम्ही आणखी हसलो. तेव्हाच मागं फिरायला हवं होतं. मी एकदा वाटेकडे बघितलंसुद्धा. एवढ्यात फेस्टोनं, आमच्या वाटाड्यानं, यादीवरून नाव पुकारलं, "बितारिहो, पुढचा दांडा!" आणि मी हो म्हटलं. सोळा वर्षं नाव पुकारल्यावर हो म्हणत आलोय, तोंडाला सवय आहे.

आमच्या डोलीत एक म्हातारी बाई होती. डाग्नी तिचं नाव, कुठल्याशा थंड देशातली, शाळेत शिकवायची म्हणे. वय शहात्तर, कमरेचं हाड बदललेलं. वजनाला काही फार नव्हती. पण दर ठेचेला, दर वळणाला, डोली जरा कुठं कलली की "सॉरी" म्हणायची. आम्ही घसरलो तरी सॉरी तीच म्हणायची. तासाभरानं मागच्या दांड्यावरचा बारिग्येही पाय घसरला की सॉरी म्हणायला लागला, मग सगळेच. पहिल्यांदा ती ओशाळली, मग खूप हसली. भली बाई होती. हे मी मुद्दाम सांगतोय.

वाट म्हणजे वाट नव्हतीच. पुढं गेलेल्या माग काढणाऱ्यांना गोरिलांची रात्रीची घरटी पहाटेच सापडली होती, पण कळप तिथून हलला होता आणि चालतच होता. फेस्टोच्या हातातलं यंत्र खरखरायचं, तो ऐकायचा आणि म्हणायचा, "अजून अर्धा तास." असे तीन अर्धे तास झाले. फेस्टो पुढं कोयत्यानं वेली तोडत होता, आम्ही खाजकुयलीतून आणि नेच्यांतून आडवे सरकत होतो. माझा उजवा गुडघा आतून कटकट वाजत होता. बारिग्येनं विचारलं, "काय वाजतंय रे?" मी म्हटलं, "दांडा."

दरी उतरून पलीकडचा चढ धरला आणि शिंग वाजलं.

लांबून आलं, दोन डोंगर ओलांडून, पण रुकुंदोच्या शिंगाचा आवाज आम्हाला पोटात ओळखू येतो. आजाऱ्यासाठी वाजवतात तसं, तुटक तुटक. दरीत फोनला रेंज नसते, शिंगाला असते. आठही जण एका पावलात थांबलो. डोली हिंदकळली. "सॉरी," डाग्नीबाई म्हणाल्या.

कुणी कुणाकडे बघेना. मग बारिग्ये हळू म्हणाला, "तुझी आई."

"कशावरून? रुकुंदोच्या सुनेचे दिवस भरलेत. ती असेल."

"बितारिहो."

"काल बरी होती आई. आज सकाळी शेळ्यांचं विचारत होती मला."

"अरे, पण जो कुणी असेल त्याला उचलणार कोण?" कामारा म्हणाला. "आपण सगळे इथं."

बाईंनी मान वळवून फेस्टोला काहीतरी विचारलं. फेस्टो माझ्याकडे बघून म्हणाला, "त्या विचारतायत, हा आवाज कसला? तुम्ही सगळे असे का झालात?"

तोंड उघडायची ती वेळ होती. बाई काही दगड नव्हती. फेस्टोनं सांगितलं असतं की ह्याची आई आजारी आहे, गावात उचलायला माणूस नाही, तर ती त्या डोलीतून स्वतः खाली उतरली असती, कमरेचं हाड गेलं खड्ड्यात. तीन तासांत तेवढी ती मला कळली होती.

मी म्हटलं, "सांग तिला, गुरांना बोलावतायत."

फेस्टोनं मला एकदा नीट बघून घेतलं. तो पलीकडच्या धारेवरचा, त्याला शिंग कळतं. पण माणूस स्वतःच तसं म्हणतोय तर तो काय करणार? त्यानं सांगितलं. बाईंनी मान हलवली, हसल्या.

"हे काय केलंस?" बारिग्ये म्हणाला.

"डोलीत घेतलेलं माणूस मध्येच टेकवत नाहीत," मी म्हटलं. "आपलीच रीत आहे. विसरलास?"

रीत खरी आहे, पण ती आजाऱ्यासाठी. त्या सकाळपासून आम्ही डाग्नीबाईंना चार वेळा खाली टेकवून पाणी प्यालो होतो. बारिग्येला हे माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण इतका चढ चढून आलो होतो, अजून तेवढाच होता, आणि परत फिरायचं म्हणजे बोलायला हवं, समजावायला हवं, फेस्टोनं कार्यालयाला कळवायला हवं, यादीचं बघायला हवं. मी दमलो होतो. दमलेला माणूस वाईट नसतो, तो फक्त सरळ चालत राहतो. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

शिंग आणखी एकदा वाजलं. मग आम्ही चढावर गेलो आणि ते ऐकू येईनासं झालं.

एक वाजता गोरिला सापडले. एरवी ओझेवाले लांबच थांबतात, जवळ फक्त पाहुणे आणि वाटाडे. पण बाईंना उतारावर उभं राहता येईना, म्हणून मला, बारिग्येला आणि आणखी दोघांना फेस्टोनं तोंडाला फडकी बांधून डोलीसकट पुढं नेलं आणि दहा पावलांवर टेकवायला सांगितलं. "एक तास," तो म्हणाला. "घड्याळ लावलंय."

मला गोरिलांचं कौतुक नाही. माझ्या केळी बुंध्यापासून सोलून खाणारे हेच. रानातून खाली येतात, बागेत बसतात, आपण ओरडलो तर असे बघतात जणू आपणच त्यांच्या बागेत आलोय. पण त्या दिवशी करायला काही नव्हतं, तोंड बांधलेलं होतं, म्हणून बघत बसलो.

नर पाठमोरा बसला होता, पांढरी पाठ, देठ सोलून खात होता. फेस्टो घशातून जड आवाज काढायचा, मी आहे, भिऊ नको असा, आणि नर तसाच आवाज परत द्यायचा. दोन पोरं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. एक आई पोटाशी तान्हं धरून होती. आणि कडेला एक म्हातारी मादी. तिचा डावा पंजा नव्हता, कधीतरी फासात गेलेला. ती खात नव्हती, नुसती बसून होती, श्वास घेताना तिची सगळी पाठ हलत होती.

अर्ध्या तासानं नर उठला. चला, अशा थाटात दोन पावलं टाकली, कळप उठला, पोरं पुढं पळाली. म्हातारी उठली नाही. नर झाडीत शिरला. म्हटलं, संपलं, आता बाई हळहळणार. एवढ्यात पानं हलली आणि तो परत आला. म्हातारीपासून हातभर अंतरावर बसला, तिच्याकडे पाठ करून, आणि खाजवत राहिला, जणू त्याला पुढं काही कामच नव्हतं. हळूहळू बाकीचेही परत आले आणि बसले. कुणी कुणाला ओढलं नाही की हाक मारली नाही. ती उठेपर्यंत सगळे थांबले. एवढंच.

डाग्नीबाई रडत होत्या. फेस्टो त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजत होता. मला इतका राग आला, इतका, की काय सांगू. कुणावर ते कळेना. जनावरावर तर काय रागवायचं? मला कुणी हे दाखवायला नको होतं. मी तोंडावरचं फडकं वर ओढलं, डोळ्यांपर्यंत, आणि बारिग्ये शेजारी बसून म्हणाला, "रडतोयस?" मी म्हटलं, "खाजतंय."

म्हातारी उठली तेव्हा तास संपायला पाच मिनिटं होती. तीन पायांवर ती चालायला लागली, आणि तिच्या चालीनं सगळा कळप.

उतरताना मी सगळ्यांना पळवलं. "हळू," फेस्टो ओरडायचा, "माणूस आहे डोलीत!" धारेच्या माथ्यावर रेंज येते. बारिग्येनं तिथं फोन काढून बायकोला लावला. मग कामारानं त्याच्या बायकोला. मग मेहुण्यानं. तिघांच्याही घरी कोणी उचललं नाही.

"विहिरीवर गेल्या असतील," कामारा म्हणाला.

"तिघीही एकदम?" बारिग्ये म्हणाला.

फाटकावर साडेतीन वाजले. डाग्नीबाईंनी आठही जणांचे हात हातात घेतले, एकेकाचं नाव विचारून ते नीट म्हणून बघितलं. माझ्यापाशी आल्या तेव्हा फेस्टोला काहीतरी म्हणाल्या. फेस्टो सांगेना. बाईंनी पुन्हा विचारलं.

"त्या विचारतायत," फेस्टो जमिनीकडे बघत म्हणाला, "गुरं सापडली का?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला आठवत नाही. आणि आम्ही अकरा जण पळत सुटलो.

पळत म्हणजे काय, बाकीचे पळत होते, मी लंगडत. गावात शिरलो तर अंगणं रिकामी. शेंगा वाळत पडलेल्या, कोंबड्या त्यावर, हाकायला कुणी नाही. माझ्या घराचं दार उघडं, चुलीपाशी गोधडीची जागा तेवढी. म्झे रुकुंदोच्या ओसरीवर डोलीची खुंटी मोकळी होती आणि तो एकटा तिच्याखाली बसला होता. खालचा ओठ सुजलेला.

"आलात?" तो म्हणाला. "या, या. पाहुणे खूश झाले ना?"

"म्झे, आई..."

"तीनदा वाजवलं मी. तिसऱ्यांदा, ऊन कलल्यावर, ओठ फुटला. अकरा पुरुष आहेत म्हटलं, अकरांतला एक तरी येईल. आली ती तुझी बायको. म्हणते, डोली काढा. म्हटलं, अगं, उचलणार कोण? म्हणते, तुम्ही काढा तर. बघतो तर मागं आठ-दहा जणी उभ्या, लुगड्यांच्या घड्या करून खांद्यावर घेतलेल्या." त्यानं वही मांडीवर ओढली. "आमच्या धारेवर आजवर बाईनं दांड्याला हात लावला नव्हता. माझ्या आज्यानं पाहिलं असतं तर मला झोडपलं असतं. पण आज्यालाही उचलायला कुणीतरी लागलंच असतं."

"माझं नाव..."

"खोडलं. तीन झाले तुझे. कामाराचेही तीन. बारिग्ये, तुझे दोन, जपून राहा."

"मग आईला कोणाच्या..."

"केबिरुंगीच्या नावावर. आज लिहिलं वहीत." त्यानं वही मिटली. "उभा काय राहिलास? इतका वेळ बाहेर होतास तेवढा पुरे नाही झाला?"

पहिली धार ओलांडली, ओढा ओलांडला, चहाच्या मळ्याच्या कडेनं दुसरा चढ धरला. अर्ध्या चढावर त्या दिसल्या. डोली वर, आठ बायका खाली, दोघी-तिघी बदलीला शेजारून चालणाऱ्या. लुगडी खांद्यांवरून घसरत होती, पाय चुकत होते, दांडे एका उंचीत नव्हते. कुणी शिकवलेलंच नाही त्यांना. पण चालत होत्या. पुढच्या दांड्याला, जिथं मी असतो तिथं, केबिरुंगी होती.

"मी घेतो," मी धापा टाकत म्हटलं आणि दांड्याला हात घातला. "दे. थांब. दे इकडे."

"हात काढा," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अगं, चढ आहे..."

"तुमचं नाव नाही वहीत. नाव नसलेल्याचा खांदा लागत नाही डोलीला. तुमच्याच मंडळाचा कायदा आहे ना? हात काढा, आम्हाला थांबवू नका."

"केबिरुंगी, आई आहे ती माझी!"

"सकाळीही होती."

मागच्या दांड्यावर कामाराची बायको होती. ती कामाराकडे बघतही नव्हती. अकरा पुरुष चढावर उभे, हात लोंबत, आणि कुणाला काय करावं सुचत नव्हतं. बारिग्येचे दोनच खाडे होते, त्याला दांडा धरता आला असता. पण तोही माझ्याकडे बघून मागं राहिला.

तेवढ्यात डोलीतून आवाज आला. गोधड्यांतून, बारीक, मध्ये मध्ये दम लागत.

"कोण गं ते? बितारिहो आलाय का?"

"हो, आई," केबिरुंगी म्हणाली. "आलेत."

"मी आलोय आई, मी आहे," मी म्हटलं. डोलीच्या कडेला तोंड नेलं. तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता हात दिसला, गोधडीबाहेर आलेला. मी तो धरला. "आता मी घेतो तुला, आता मी आहे ना."

"नको गं," आई म्हणाली. मला नव्हे, तिला. "नको देऊ त्याला. दिवसभर लोकांना वाहून दमला असेल पोरगा. येऊ दे त्याला मागनं, सावकाश."

केबिरुंगीनं खांद्यावरची घडी नीट केली, "हं, उचला गं," म्हणाली, आणि आठही जणींनी चढाला पाय लावला. आईचा हात माझ्या हातातून सुटला.

मी मागनं चालू लागलो.